खाली उतरायची सोय

३ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून कागद. कागद मधेच तोडून टाकता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी तू तो वाचशीलच, इतकी मी तुला ओळखते.

तुझ्या मेसला दहा वर्षं झाली त्या जेवणात मी ताटात नुसता भात घेतला, हे खरं आहे. शेंगांच्या भाजीला हात लावला नाही, तळलेला कांदा बाजूला सारला, दुधातलं गोड यायच्या आधी उठून गेले, हेही खरं. आणि तू वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाईसाहेब क्रेनवर बसतात ना, आम्हा जमिनीवरच्या माणसांचं अन्न त्यांच्या घशाखाली कसं उतरणार?" सगळे हसले. मीही हसले. मग मागच्या दाराने निघाले आणि पुढच्या चौकातल्या पेट्रोल पंपावर जाऊन त्या माणसाकडे संडासाची किल्ली मागितली. गोड मी तिथे खाल्लं, असं समज.

मला आजार आहे ताई. नाव आहे त्याला, आयबीएस. रक्त तपासलं, नळीतून कॅमेरा घालून आतलं सगळं बघितलं. रिपोर्ट इतके स्वच्छ आले की डॉक्टरीणबाईंनी ते कौतुकाने माझ्यापुढे सरकवले. मी म्हटलं, "मग दुखतं ते काय?" त्या म्हणाल्या, "तुमचं आतडं निरोगी आहे, फक्त चिडकं आहे. इतरांना ज्याचं काही वाटत नाही, त्याचा त्याला राग येतो." मी म्हटलं, "घराण्यातच आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी तुला बघितलेलं नाही.

तर ते असं आहे. पोटात कळ येते, आतडं कुणीतरी ओल्या फडक्यासारखं पिळतं, आणि मग पळायचं. कधी दिवसातून चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही. कशाने येते ते ठरलेलं नाही, आणि मला छळतं ते हेच. विषाची बाटली असती तर तिच्यावर नाव तरी लिहिलं असतं.

कामावर सगळं ठीक आहे. काळजी नको. करत असशील तर.

तुझी
धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

भावोजींच्या हाती पाठवलेली डबी मिळाली. आत कसलीशी हिरवी पूड आणि चिठ्ठी: "रोज सकाळी कोमट पाण्यातून. बाकी सगळे मनाचे खेळ." आजाराचं नाव सांगितलं तेव्हापासून मला औषध सुचवलं नाही असा एक माणूस उरलेला नाही. घरमालकीण सांगते ताक प्या, तिचा नवरा सांगतो ताक सोडा. दुकानदार म्हणाला, त्याच्या मेहुण्याला असंच होतं, तो सकाळी अनवाणी चालायला लागला आणि बरा झाला. मी विचारलं, "पोट बरं झालं?" तर म्हणे, "नाही, गुडघे." त्यात तुझी पूड. मी ती घेतली नाही, सरळ सांगते.

डॉक्टरीणबाईंचा मार्ग सावकाशीचा आहे. आधी संशयित सगळे बाहेर काढायचे: दूध, कांदा, लसूण, गहू, शेंगा, सफरचंद, कॉफी. मग एकेकाला परत घरात घ्यायचं आणि कोण भांडण काढतं ते बघायचं. कॉफी आली आणि लगेच पकडली गेली. सफरचंद निर्दोष सुटलं, म्हणजे थोडं खाल्लं तर. कांदा आणि लसूण हे दोघे खरे गुन्हेगार, आणि ते कुठे नाहीत ते मला दाखव. कामावरच्या टपरीवाल्याला विचारलं, "यात लसूण आहे का?" तो म्हणाला, "नाही." मी घास घेतला. तो म्हणाला, "लसणाची पेस्ट आहे."

पण खरा घोळ वेगळाच आहे, तो तुला सांगते. पथ्य अगदी कडक पाळलं त्या आठवड्यातही मला दोनदा त्रास झाला. दोन्ही वेळा वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज होता. हा साइट मॅनेजर नवा आलाय. वाईट माणूस नाही, पण त्याला हळू बोलता येत नाही. 'नमस्कार'सुद्धा आग लागल्यासारखा म्हणतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताणानेही होतं. मेंदू आणि आतडं एकमेकांशी सारखं बोलत असतात." मी म्हटलं, मग त्यांचं बोलणं जरा कमी करता येत नाही का?

त्याचा नवा नियम असा: ऑपरेटर एकदा वर चढला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली यायचं नाही. चढ-उतारात वेळ जातो म्हणे. जातोच. शिडी उभी आहे, मनोऱ्याच्या आतून चढायची, आणि वर केबिनमध्ये खुर्ची, दोन दांडे आणि काच, एवढंच आहे. तुझ्या मेसमधल्या मसाल्याच्या कपाटात याहून जास्त जागा असेल.

मी त्यावर तोड काढली आहे. सकाळी काहीच खात नाही. पाणीही घोटभरच. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार! जेवणाच्या सुट्टीत एकदमच जेवते. छान चाललंय.

धाकटी

८ मार्च

ताई,

भावोजींकडून कळलं की तुला कळलंय. माझ्या साइटवरच्या कुणाचा तरी भाऊ तुझ्या मेसमध्ये जेवतो, त्याने म्हणे हसून हसून सांगितलं. तर आता नीट ऐक, कारण त्याने सांगितलेली गोष्ट मधूनच सुरू होते.

मंगळवारी आम्ही भिंती उभ्या करत होतो. भिंत कारखान्यात तयार होऊन येते, सगळीच्या सगळी, खिडकीच्या भोकासकट. मी ती उचलून वर न्यायची, जागेवर टेकवायची आणि तशीच धरून ठेवायची. खालची माणसं तिला लोखंडी टेकू लावून बोल्ट आवळतात, आणि ते होईपर्यंत ती भिंत माझ्या हातात असते. मी सोडली तर त्यांच्या अंगावर. खालून मला इशारे देतो त्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात, कारण वॉकीटॉकी येण्याआधी तो शिट्टीवर काम करायचा. तो म्हणाला, "टेकली. धर." मी धरली.

आणि कळ आली.

ही नेहमीची नव्हती. अंगाला घाम फुटला, कानात गूं झालं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी आली. नंतर बाईंनी खडसावून सांगितलं की उपाशी राहायचं आणि मग एकदम हादडायचं, हेच त्या आतड्याला सगळ्यात जास्त चिडवतं. म्हणजे माझी तोडच माझ्या मुळावर आली होती. पण तेव्हा वर हे कोण सांगणार! मी दोन्ही हात दांड्यांवर ठेवले, जीभ दाताखाली धरली आणि काचेतून त्या माणसांची डोकी बघत राहिले. पिवळ्या टोप्या. एक टोपी वाकली, उठली, परत वाकली. एकाचा बोल्ट बसेना. तो काढून पुसत होता, ताई, सदऱ्याला पुसत होता! मला त्याचा गळा धरावासा वाटत होता आणि त्याच वेळी वाटत होतं की बाबा, पूस, नीट पूस, घाई करू नकोस.

अखेर शिट्टी म्हणाला, "झालं. हुक सोडला."

मी बोलले, "मी खाली येते."

साहेब मधे पडले. "कोणी खाली येणार नाही. दुपारी वारा वाढणार आहे. पुढची भिंत घ्या."

"साहेब, मला खाली यायचंय."

"कारण काय?"

"आहे कारण."

"कारण सांगा! इथे पन्नास माणसं उभी आहेत!"

आणि मी सांगितलं. बटण दाबलं आणि म्हटलं, "मला संडासला जायचंय. आत्ता. पुढची भिंत तुम्हाला हवी असेल तर तुम्ही वर या आणि उचला."

तो चॅनेल सगळ्यांचा असतो. दोन्ही क्रेन, ट्रकवाले, सुरक्षावाले, ऑफिस. खालून हसण्याचा असा लोट आला की तो मला वॉकीटॉकीशिवाय ऐकू आला. मी उतरले. उतरताना मधल्या टप्प्यावर, उपासामुळे, डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा शिडीला मिठी मारून थांबले. पडले असते तर भिंतीचं राहू दे, मीच गेले असते. हे तुझ्या मेसमधल्या त्या भावाने सांगितलं नसेल.

वेळेत पोचले. बस, एवढंच चांगलं झालं.

आता मला खाली बसवलंय. तंदुरुस्तीचा दाखला आणेपर्यंत क्रेनला हात लावायचा नाही, गोदामात हातमोजे वाटायचे. येणारा जाणारा विचारतो, "काय, आज मोकळं आहे ना सगळं?" मी हसते. सहन होत नाही आणि सांगताही येत नाही, अशी एक म्हण आहे ना? माझं उलटं झालंय. सांगून बसले, आता सहन करते आहे.

तू म्हणे भावोजींना म्हणालीस, "अख्ख्या साइटला सांगितलं, मला नाही सांगितलं." तुला मी पहिल्या पत्रातच सांगितलं होतं. तू पूड पाठवलीस.

धाकटी

२३ मार्च

ताई,

काल तू गेलीस आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तरी हे पत्र आभाराचं नाही. मी अजून चिडलेली आहे आणि ते चिडलेपण कागदावर यायला हवं, नाहीतर ते कुठे जातं हे आता आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

न सांगता आलीस. पाठीवर एक पिशवी, हातात दोन, आणि त्यात तुझी स्वतःची भांडी, जणू मी इथे विटेवर रांधून खाते. आल्या आल्या माझं कपाट उघडून म्हणालीस, "हे काय, दवाखाना की स्वयंपाकघर?" तीन दिवस तू कांदा-लसणाशिवाय शिजवलंस आणि तीन दिवस ऐकवलंस की दोनशे मुलांना मी हे वाढलं असतं तर त्यांनी मेस जाळली असती. मी ऐकून घेतलं. पोट शांत होतं. मला वाटलं, बघ, हिला समजलं.

चौथ्या दिवशी दुपारी तू रस्सा केलास. चांगला झाला होता. मी दोनदा घेतला. तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मला वाटलं की प्रेमाने बघते आहेस. भांडी उचलताना तू म्हणालीस, "लागला ना चांगला? लसूण होता त्यात. वाटून घातला होता. काही झालं का? सांगत होते ना मी, मनाचे खेळ!"

ताई, मी तेव्हा काही बोलले नाही कारण मला खरंच काही झालं नव्हतं. मी स्वतःवरच संशय घेतला. एवढी वर्षं मी नाटक करते आहे की काय, अशी शंका मला, माझ्याच घरात, माझ्याच पोटाबद्दल आली. ते मी तुला माफ करणार नाही. लसणाचं एक वेळ करीन.

आणि मग तू वर्तमानपत्र वाचत असताना ते सुरू झालं.

पुढचं तुला माहीत आहे. तू दाराबाहेर होतीस. मी आत वाकून बसले होते, कपाळ समोरच्या गार फरशीच्या भिंतीला टेकवून, आणि तोंडातून जे आवाज निघत होते ते थांबवायला मी टॉवेल चावला होता. तू आधी दार वाजवलंस, मग पाणी आणलंस, मग म्हणालीस डॉक्टरला बोलावू का. मी म्हटलं, "जा इथून." तू गेली नाहीस. तू खाली बसल्याचा आवाज आला, तुझे गुडघे वाजले.

मग तू जे बोललीस ते मी लिहून ठेवते, कारण तू उद्या म्हणशील की मी असं बोललेच नाही. तू म्हणालीस, "आईने आधी भाजी सोडली होती. मग दूध. मग म्हणायला लागली, नुसता भात दे. तू तेव्हा लहान होतीस, तुला आठवत नाही. मी रोज काहीतरी नवीन करायचे आणि ती म्हणायची, छान झालंय, आणि ताट तसंच सरकवायची. तू माझ्या मेसमध्ये नुसता भात घेतलास ना, तेव्हा मला राग नव्हता आला गं. माझे हातपाय गळाले होते."

मी टॉवेल तोंडातून काढला आणि म्हटलं, "मग तसं सांगायचं होतं. बाईसाहेब कशाला म्हणालीस?"

तू म्हणालीस, "एवढ्या लोकांत कसं सांगणार?"

"मी अख्ख्या साइटला सांगितलं," मी म्हटलं.

आणि आपण दोघी हसायला लागलो, एक आत, एक बाहेर. माझी हसतानाही कळ थांबत नव्हती, म्हणून मी तुला शिव्या दिल्या. त्या परत घेत नाही.

मी मरणार नाही, ताई. या आजाराने कोणी मरत नाही, बाईंनी मला स्वच्छ सांगितलंय. आईचं वेगळं होतं. हा नुसता जन्मभर चिडवतो, धाकट्या बहिणीसारखा.

पण माझ्या ताटात मला न सांगता पुन्हा काही घातलंस तर मी तुझ्याकडे पाणीसुद्धा पिणार नाही. लिहून घे.

धाकटी

६ एप्रिल

ताई,

दाखला मिळाला, सुनावणी झाली. फोनवर तू "जिंकलीस ना?" एवढंच विचारत राहिलीस, म्हणून सविस्तर.

ऑफिसात साहेब, मी, शिट्टी आणि दुसऱ्या क्रेनवरचे मामा होतो. मामा आमच्यात सगळ्यात जुने. बाईंनी दाखल्यात लिहिलं होतं की क्रेन चालवायला हरकत नाही, मात्र वेळेवर खाणं हवं आणि गरज पडली की खाली येता यायला हवं. साहेबांनी तो वाचून विचारलं, "गरज पडली की म्हणजे? दिवसातून किती वेळा?"

मी म्हटलं, "ते तुम्ही किती वेळा ओरडता त्यावर आहे."

शिट्टीला ठसका लागला. साहेब लाल झाले. म्हणाले, "मी ओरडत नाही!" हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरच्या टेबलावरच्या बाईने दार उघडून आत बघितलं. त्यानंतर त्यांचा आवाज जरा खाली आला. मग म्हणाले, "पण एकासाठी नियम मोडला तर बाकीचे काय म्हणतील?"

तेव्हा मामा बोलले. ते सहसा बोलत नाहीत. "मी वर बाटली नेतो," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली. आणि पाणी कमी पितो. तुम्ही इथे नवे आलात आणि मी मूतखड्याने आडवा होतो, तेव्हा तुम्ही फळं घेऊन आला होता साहेब. तो खडा याच केबिनमधला."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण घालत-काढत बसले. मग त्यांनी सकाळच्या पाळीत मधे बदली ऑपरेटर द्यायचं कबूल केलं, दोन्ही क्रेनला. जिंकले म्हण हवं तर. पण त्यांनी त्याची नोटीस फलकावर लावली ती अशी: 'महिला ऑपरेटरच्या पोटाच्या तक्रारीमुळे.' फोटो आहे माझ्याकडे. मामांच्या खड्याचा त्यात उल्लेख नाही. बदलीच्या वेळी सगळ्यात आधी खाली कोण येतं? मामा. आणि आल्यावर सगळ्यांना सांगतात, "हिच्यामुळे झालं हं," म्हणजे मी उपकृत व्हायचं की लाजायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी आता खाऊन जाते. थोडं, सावकाश, बसून. बाई म्हणाल्या होत्या, आतड्याला घड्याळ आवडतं. आवडतं खरं. पण गुरुवारी सगळं बरोबर केलं होतं, झोप चांगली, खाणं साधं, साहेब रजेवर, आणि तरी झालंच. काही कारण नाही! मी इतकी संतापले की खाली उतरून, जाऊन, परत चढले तरी संताप उतरला नव्हता. निदान पावसाला ढग तरी येतात.

तू पाठवलेल्या डब्यावर तू चिकटवलेली चिठ्ठी वाचली. तेल, मीठ, जिरं, भोपळा, "बाकी काही नाही, शपथ." खाल्लं. अळणी होतं. मीठ घालायला शपथेची आडकाठी नव्हती.

धाकटी

१७ जून

ताई,

आजची मुलाखत कशी झाली हे तू बसस्टॉपवर विचारलंस, बसमध्ये विचारलंस, उतरताना विचारलंस, आणि दर वेळी मी तोंड उघडलं की तूच बोलत होतीस. तुला बरोबर न्यायचंच नव्हतं मला. चाळिशी उलटलेली बाई मुलाखतीला जाते आणि बाहेर बाकावर तिची ताई पाण्याची बाटली घेऊन बसते! म्हणून आता घरी येऊन लिहिते.

जुनं बांधकाम संपत आलं, क्रेन पुढच्या आठवड्यात उतरवतील, हे तुला माहीत आहे. या नव्या जागी अजून नुसता खड्डा आहे. आत एक इंजिनियर होता, माझ्यापेक्षा लहान, टेबलावर नकाशा पसरलेला. त्याने माझे दाखले बघितले, अनुभव विचारला, वाऱ्याच्या किती वेगाला काम थांबवता ते विचारलं. सगळं नीट चाललं होतं. मग म्हणाला, "तुम्हाला काही विचारायचंय?"

चार महिन्यांपूर्वी मी म्हटलं असतं, नाही. घरी आले असते, आणि पहिल्या दिवसापासून उपाशी चढले असते.

मी म्हटलं, "हो. मला आयबीएस आहे. म्हणजे पोटाचा त्रास. काम थांबत नाही त्याने, पण मधे खाली यावं लागतं, कधी आधी सांगून, कधी एकदम. भार हवेत असताना मी कधीच सोडत नाही, ते माझ्या जुन्या साइटला विचारा. भार टेकला की मात्र मी कुणाची परवानगी मागणार नाही. चालणार असेल तर बोलू."

बोलताना पोटात गुरगुरलं, मोठ्याने. त्यालाही ऐकू गेलं. मी म्हटलं, "हे बघा, तेही होच म्हणतंय."

तो हसला नाही. घाबरलाही नाही. नकाशाकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, गेली नोकरी. बाहेर ताई बसली आहे, आता तिला काय तोंड दाखवू? आणि तू दार ढकलून आत येशील आणि त्याला फैलावर घेशील अशी भीती वाटली ती वेगळीच.

मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाला, "बरं झालं आत्ता सांगितलंत. अजून काहीच बांधलेलं नाही." आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढला. "इथे संडास ठेवला तर?"

तो चौकोन क्रेनच्या अगदी उलट टोकाला होता, ताई. मधे ट्रकांचा रस्ता, सळयांचा ढीग आणि अख्खा खड्डा.

मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. तो चौकोन खोडला आणि शिडीच्या पायथ्याशी नवा काढला.

सोमवारपासून जायचंय.

धाकटी